आयएनयूपीसाठी तीन विद्यार्थी तयार करायचे आहेत: आधी मॉस कपॅसिटर की थेट झिंक ऑक्साइड ट्रान्झिस्टर?

पातळथर_लॅब यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून) झिंक ऑक्साइडचे पातळ थर तयार होतात. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन), यूव्ही-व्हिजिबल, फोर प्रोब (चार टोकांनी रोध मोजणं) ही मोजमापं इथेच होतात. थर्मल इव्हॅपोरेशनचं (धातूची वाफ करून थर बसवायचं) युनिट आहे, १ मेगाहर्ट्झपर्यंतचा एलसीआर मीटर (धारिता म्हणजे कपॅसिटन्स मोजणारा) आहे. क्लीनरूम नाही, ऑक्सिडेशनची भट्टी नाही, हायड्रोफ्लोरिक आम्ल हाताळायची सोय नाही.

एक पीएचडीची विद्यार्थिनी (पहिलं वर्ष) आणि एमएससीचे दोन विद्यार्थी मिळून झिंक ऑक्साइडचा पातळ थराचा ट्रान्झिस्टर करू पाहत आहेत. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राममधून (आयएनयूपी) आयआयटी मुंबईच्या फॅब्रिकेशन सुविधेत काम करण्यासाठी प्रस्ताव लिहायला घेतला आहे. त्याआधी जाणकारांना काही विचारायचं आहे.

पहिलं, मुलांच्या हाती आधी साधा मॉस कपॅसिटर (धातू, ऑक्साइड, सिलिकॉन असे तीन थर) द्यावा की थेट ट्रान्झिस्टर? कपॅसिटरमध्ये एक फेरी खर्च होईल ही भीती आहे. दुसरं, जाण्याआधी इथे बसून काय करून घ्यावं? तिसरं, कोणतं काम केंद्रात आणि कोणतं आमच्याकडे? चौथं, पहिल्याच बॅचमध्ये हमखास काय बिघडतं?

---

भट्टी_१०००

सर, कपॅसिटर आधी करा. ट्रान्झिस्टर चालला नाही तर दोष ऑक्साइडचा, झिंक ऑक्साइडचा, संपर्काचा की मोजणीचा, हे नवख्या मुलाला सांगता येत नाही. कपॅसिटरमध्ये अनोळखी गोष्टी कमी असतात आणि जवळजवळ प्रत्येक आकडा आधी कागदावर काढता येतो. शिकवायची गोष्ट तीच आहे. मोजणीच्या आधी अपेक्षित आकडा वहीत लिहायचा, मग मोजायचं, आणि फरक पडला तर कारण शोधायचं.

आधी वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती. पी-टाइप (बोरॉन मिसळलेला), (१००) दिशा, २ इंच, जाडी सुमारे २७९ मायक्रॉन. डब्यावर १ ते १० ओहम-सेंटीमीटर असं लिहिलेलं असतं आणि मुलं मधला आकडा धरून मोकळी होतात. त्या पट्ट्यात बोरॉनचं प्रमाण दहापटीहून जास्त बदलतं. तुमच्याकडे फोर प्रोब आहे, तेव्हा हे काम घरीच होईल. १.५ ओहम-सेंटीमीटरच्या वेफरचा शीट रेझिस्टन्स सुमारे ५४ ओहम प्रति चौरस येतो. त्याला ४.५३ ने भागलं की व्होल्टेज भागिले करंट म्हणून १२ ओहम, म्हणजे १ मिलिअँपिअरला १२ मिलिव्होल्ट. इतकं दिसलं की बोरॉनचं प्रमाण दर घन सेंटीमीटरला १० च्या १६ व्या घाताच्या आसपास आहे असं धरायला हरकत नाही. मात्र टोकांनी टोचलेला वेफर पुढे भट्टीत घालू नका. त्याच डब्यातला एक वेफर या मोजमापासाठी राखून ठेवा.

प्रक्रियेचा क्रम असा ठेवा.

ओळखखूण हिऱ्याच्या टोकाने मागच्या बाजूला, सपाट कडेजवळ, आणि तीही सफाईच्या आधी. सफाईनंतर कोरलं तर सिलिकॉनचा चुरा वर बसतो.

आरसीए सफाईचा (वेफर धुण्याची ठरलेली पद्धत) पहिला टप्पा: अमोनियम हायड्रॉक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी १:१:५, ७५ ते ८० अंश सेल्सिअस, १० मिनिटं. सेंद्रिय मळ आणि कण यात जातात. मग २ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लात सुमारे अर्धा मिनिट. दुसरा टप्पा: हायड्रोक्लोरिक आम्ल, पेरॉक्साइड, पाणी १:१:६, त्याच तापमानाला १० मिनिटं, धातूंचे आयन यात निघतात. पेरॉक्साइड गरम द्रावणात फार वेळ टिकत नाही, म्हणून द्रावण तापल्यावर पेरॉक्साइड घालायचं आणि लगेच वेफर सोडायचे. सकाळचं द्रावण दुपारी वापरलं तर पहिला टप्पा सफाईऐवजी पृष्ठभाग खरवडतो, कारण पेरॉक्साइड संपल्यावर अमोनिया सिलिकॉनला खातो.

हायड्रोफ्लोरिक आम्लातून बाहेर काढल्यावर पाणी अळवाच्या पानावरच्या थेंबासारखं घरंगळलं पाहिजे. पृष्ठभाग ओला राहिला तर ऑक्साइड अजून उरलाय. हे पाहायला उपकरण लागत नाही, नजर लागते.

हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेच्या भांड्यात कधीही नाही, फक्त टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. सौम्य द्रावण कातडीवर पडलं तर लगेच आग होत नाही आणि धोका तिथेच आहे. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय हे पहिल्या दिवशी प्रत्येकाने जाऊन हात लावून पाहायचं. तुमच्याकडे सोय नाही असं तुम्ही लिहिलंय, तर हा टप्पा महाविद्यालयात करूच नका, अगदी थोडासाही नाही.

ऑक्सिडेशन: कोरड्या ऑक्सिजनमध्ये. कपॅसिटरसाठी २० नॅनोमीटर. १००० अंशांना हा थर इतक्या थोड्या वेळात वाढतो की भट्टी चढताना-उतरताना कोणता वायू वाहत होता यानेच जाडी बदलते. वेळ पुस्तकातून घेऊ नका, त्या भट्टीचा स्वतःचा तक्ता घ्या. प्रत्येक फेरीत एक मॉनिटर वेफर (फक्त मोजणीसाठीचा) हवाच, एलिप्सोमीटरवर (प्रकाशाने थराची जाडी मोजणारं उपकरण) किमान पाच ठिकाणी मोजायचा. ट्रान्झिस्टरसाठी १०० नॅनोमीटर लागेल. ११०० अंशांना तो साधारण तासाभरात येतो. रंगावरूनही अंदाज बांधता येतो: ५० नॅनोमीटरला बदामी, १०० ला गडद जांभळट. मुलांना रंगांचा तक्ता पाठ असू द्या.

आता पहिल्या बॅचमध्ये हमखास राहून जाणारी गोष्ट. ऑक्साइड मागच्या बाजूलाही वाढतो. पुढे फोटोरेझिस्टचं (आम्लाला न जुमानणारं लेपन) संरक्षण देऊन मागचा थर ६:१ बफर द्रावणात (अमोनियम फ्लोराइड आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल) काढायचा. वेग मिनिटाला सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे २० नॅनोमीटरला १५-२० सेकंद; पुन्हा पाणी घरंगळेपर्यंत. हा टप्पा विसरला तर सी-व्ही (धारिता विरुद्ध व्होल्टेज) आलेख जवळजवळ ठीकच दिसतो, कारण मागचा कपॅसिटर क्षेत्रफळाने हजारो पट मोठा असतो आणि एकसरीत त्याचा परिणाम जाणवत नाही. आय-व्हीमध्ये (करंट विरुद्ध व्होल्टेज) मात्र गळती फसवी कमी दिसते आणि मुलं ‘उत्तम ऑक्साइड’ म्हणून लिहून मोकळी होतात.

पुढे शॅडो मास्कमधून (भोकं पाडलेल्या पत्र्यातून) ५०० मायक्रॉन व्यासाचे अॅल्युमिनियमचे ठिपके, १५० नॅनोमीटर जाड. मागे पूर्ण अॅल्युमिनियम. टंगस्टनचा फिलामेंट आधी रिकामा तापवून घ्या आणि उघड्या हाताने धरू नका. घामातलं सोडियम ऑक्साइडमध्ये गेलं की ते नंतर काढता येत नाही.

शेवटी फॉर्मिंग गॅसमध्ये, म्हणजे नायट्रोजनमध्ये सुमारे ५ टक्के हायड्रोजन, ४०० ते ४५० अंश, २०-३० मिनिटं. इथे एक चांगला प्रयोग आपसूक मिळतो. ठिपके पडल्यावर वेफरचे दोन तुकडे करा, एक तापवा, एक तसाच ठेवा. दोन वेगळे वेफर घेऊ नका, कारण मग ऑक्साइडच वेगळा असतो आणि तुलना लंगडी पडते.

---

प्रोबस्टेशन

वरच्या प्रक्रियेत मोजणीची बाजू जोडतो. विद्यार्थ्यांनी केंद्रात जाण्यापूर्वी हे चार आकडे स्वतः काढलेले असावेत. २० नॅनोमीटर ऑक्साइड, ५०० मायक्रॉन व्यास, बोरॉन १० चा १६ वा घात धरून:

ऑक्साइडची धारिता दर चौरस सेंटीमीटरला १७३ नॅनोफॅरड, म्हणून अॅक्युम्युलेशनमध्ये (ऋण व्होल्टेजला होल पृष्ठभागाशी जमतात तेव्हा) एका ठिपक्याला ३३९ पिकोफॅरड.
फ्लॅटबँडला (सिलिकॉनच्या पृष्ठभागावर भार नसतो त्या व्होल्टेजला) सुमारे २०० पिकोफॅरड.
उच्च वारंवारतेला इन्व्हर्जनमध्ये (धन व्होल्टेजला पृष्ठभागाशी इलेक्ट्रॉन जमतात तेव्हा) किमान ५६ पिकोफॅरड.
अॅल्युमिनियमसाठी आदर्श फ्लॅटबँड व्होल्टेज उणे ०.९ व्होल्टच्या आसपास.

नॅनोहब या संकेतस्थळावर मॉस कपॅसिटरचं सिम्युलेशन मोफत चालतं. हाताने काढलेले आकडे त्याच्याशी जुळवून पाहायला दोन तास पुरतात. आधी हाताने, मग सिम्युलेशन. उलट क्रम ठेवला तर गणित कोणी करत नाही.

आता फरक कसे वाचायचे. अॅक्युम्युलेशनला ३३९ ऐवजी ३६७ पिकोफॅरड आले की मुलं म्हणतात ऑक्साइड १८.५ नॅनोमीटर आहे. एलिप्सोमीटर २० सांगतोय. अशा वेळी ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली स्टेज मायक्रोमीटरने मोजा. मास्क आणि वेफरमध्ये फट राहिली की धातू कडेने पसरतो. व्यास ५२० मायक्रॉन झाला तर क्षेत्रफळ ८ टक्के वाढतं आणि हिशोब तिथेच जुळतो. म्हणून किमान दहा ठिपके मोजून सरासरी घ्या आणि मास्कवर छापलेला आकडा गणितात वापरू नका.

१ मेगाहर्ट्झला अॅक्युम्युलेशनची धारिता १०० किलोहर्ट्झपेक्षा स्पष्टपणे खाली आली तर तो एकसरीतला रोध आहे. मागचा संपर्क पाहा, चकवरची (वेफर धरणाऱ्या ताटलीवरची) धूळ पाहा, आणि केबलच्या लांबीची दुरुस्ती एलसीआर मीटरमध्ये भरली आहे का ते पाहा. ओपन करेक्शन टोक ठिपक्याच्या किंचित वर उचलून घ्यायचं, दूर बाजूला नेऊन नाही. एसी संकेत ३० मिलिव्होल्ट पुरे.

फ्लॅटबँड उणे ०.९ ऐवजी उणे १.५ व्होल्ट आला तर ०.६ व्होल्टच्या फरकाला ऑक्साइडच्या धारितेने गुणा आणि इलेक्ट्रॉनच्या भाराने भागा. दर चौरस सेंटीमीटरला ६.५ गुणिले १० चा ११ वा घात इतका धन भार निघतो. कोरड्या ऑक्साइडसाठी हे जास्त आहे. सफाई किंवा इव्हॅपोरेशनकडे बोट जातं.

हिस्टेरेसिस (व्होल्टेज जाता-येताचे आलेख वेगळे पडणं) दिसला की त्याची दिशा लिहून ठेवा, रुंदी एकटी पुरेशी नाही. गेटला (वरच्या धातूच्या ठिपक्याला) धन व्होल्टेज ठेवल्यावर आलेख आणखी ऋण बाजूला सरकला तर सोडियमसारखे हलते आयन सिलिकॉनकडे ढकलले गेले आहेत. धन बाजूला सरकला तर सिलिकॉनमधून आलेले इलेक्ट्रॉन ऑक्साइडमध्ये अडकले आहेत. शंका उरली तर २०० अंशांना १० मिनिटं धन व्होल्टेज देऊन, ते तसंच ठेवून थंड करा आणि पुन्हा मोजा. २० नॅनोमीटरला २ व्होल्ट म्हणजे १ मेगाव्होल्ट प्रति सेंटीमीटर, इतकं पुरतं.

दिवा बंद, झाकण बंद. प्रकाशात इन्व्हर्जनची धारिता वाढते आणि ती चुकून बोरॉनच्या खात्यावर जमा होते. उलट व्होल्टेज फार वेगाने फिरवलं तर धारिता ५६ च्याही खाली जाते. ते डीप डिप्लिशन आहे, वेग सेकंदाला ५० ते १०० मिलिव्होल्टवर आणा, टोकाला थोडं थांबा.

तापवलेल्या आणि न तापवलेल्या तुकड्यांमध्ये इंटरफेस ट्रॅप (सिलिकॉन-ऑक्साइडच्या सीमेवरचे भार अडकवणारे दोष) कंडक्टन्स पद्धतीने काढता येतात, १ किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ. दर चौरस सेंटीमीटर दर इलेक्ट्रॉनव्होल्टला ते न तापवलेल्यात १० च्या ११ व्या ते १२ व्या घातात, तापवलेल्यात १० च्या १० व्या घातात उतरायला हवेत. एकसरीतल्या रोधाची दुरुस्ती आधी, मगच कंडक्टन्स. हा क्रम चुकला तर शिखर भलत्याच वारंवारतेला दिसतं.

---

झिंकवाली

तिसऱ्या प्रश्नाकडे येते. सर, तुमचं झिंक ऑक्साइड त्यांच्या ऑक्सिडेशनच्या भट्टीत कोणी घालू देणार नाही आणि ते योग्यच आहे. झिंक, तांबं, सोनं, सोडियम एकदा क्वार्ट्झच्या नळीला चिकटलं की पुढच्या सगळ्यांचे ऑक्साइड बिघडतात. कोणता वेफर कोणत्या उपकरणात जाईल याचे नियम अशा केंद्रांत कडक असतात. प्रस्तावात प्रत्येक टप्प्यापुढे ‘या क्षणी वेफरवर काय काय आहे’ हा रकाना टाका. तो रकाना नसल्यामुळे प्रस्ताव परत येऊ शकतो.

यातूनच कामाची वाटणी ठरते. जास्त डोपिंग असलेला वेफर (०.००१ ते ०.००५ ओहम-सेंटीमीटर), त्यावर १०० नॅनोमीटर ऑक्साइड: हे केंद्रात. झिंक ऑक्साइडचा स्प्रे आणि वरचे अॅल्युमिनियमचे संपर्क: तुमच्याकडे. वेफर स्वतःच गेट होतो, त्यामुळे लिथोग्राफीवाचून (प्रकाशाने नक्षी छापल्यावाचून) पहिला ट्रान्झिस्टर निघतो. वेफर तिकडून एकाच दिशेने येतो, परत भट्टीत जायचा प्रश्नच येत नाही.

फॉर्मिंग गॅसमध्ये तापवायचं असेल तर झिंक ऑक्साइड बसवण्याआधी. हायड्रोजन झिंक ऑक्साइडमध्ये डोनर (इलेक्ट्रॉन देणारा) होतो आणि थर इतका वाहक होतो की गेट तो बंद करू शकत नाही.

थराची जाडी हा तुमच्या मुलांसाठी सर्वात मोठा बदल असेल. ऑप्टिकल मोजमापांसाठी ३०० नॅनोमीटरचे थर करायची सवय असते. हिशोब बघा: इलेक्ट्रॉन दर घन सेंटीमीटरला १० चा १८ वा घात धरले तर ३०० नॅनोमीटरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ३ गुणिले १० चा १३ वा घात होतात. १०० नॅनोमीटर ऑक्साइडवर (३४.५ नॅनोफॅरड प्रति चौरस सेंटीमीटर) ४० व्होल्ट दिले तरी गेट फक्त ८.६ गुणिले १० चा १२ वा घात इतकेच हलवू शकतो. ट्रान्झिस्टर कधीच बंद होणार नाही. थर ३० नॅनोमीटर केला की १४ व्होल्टमध्ये बंद होतो. म्हणून झिंक अॅसिटेटचं द्रावण ०.१ मोलरवर ठेवा आणि फवारे कमी करा. जाण्याआधी साध्या काचेवर ३० नॅनोमीटरचा सलग थर येतोय का, हे इथेच तपासून घ्या. महिनाभराचं काम त्यातच आहे.

स्प्रेमधला नेहमीचा घोटाळा: द्रावण वेफरच्या कडेवरून खाली उतरतं, कापलेल्या कडेला उघडं सिलिकॉन असतं, झिंक ऑक्साइड गेटला थेट जोडलं जातं. मग गळती मिलिअँपिअरमध्ये दिसते आणि दोष ऑक्साइडवर येतो. कडा २ मिलिमीटर झाकून फवारा. तरीही प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवती बारीक टोकाने थर खरवडून त्याला वेगळं करा. यामुळे मोबिलिटीही (इलेक्ट्रॉन किती सहज वाहतात ते) खरी येते. थर सगळीकडे पसरलेला असला की करंट चॅनेलच्या बाहेरूनही वाहतो आणि मोबिलिटी फुगते. झिंक ऑक्साइड अगदी सौम्य आम्लातही विरघळतं, पुढे लिथोग्राफी आली की त्याने नीट आकार देता येईल.

अपेक्षित करंट: रुंदी १००० मायक्रॉन, लांबी १०० मायक्रॉन, मोबिलिटी १ चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद, थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर चालू होतो त्या व्होल्टेजच्या) वर २० व्होल्ट, तर संपृक्त अवस्थेत ६९ मायक्रोअँपिअर. गेटची गळती नॅनोअँपिअरमध्ये असेल तरच या आकड्याला अर्थ आहे. आणि प्रत्येक आलेखावर गेटचा करंट ड्रेनच्या करंटसोबत काढायचाच, वगळायचा नाही.

---

पातळथर_लॅब

सगळ्यांचे मनापासून आभार. ३०० नॅनोमीटरचा हिशोब आमच्या डोक्यातच नव्हता, या आठवड्यात काचेवर पातळ थर सुरू करतो. दोन गोष्टी राहिल्या. तिघांमध्ये काम कसं वाटावं? आणि ऑक्साइड झालेले वेफर मुंबईहून आणताना काय काळजी घ्यावी?

---

रनशीट

काम टप्प्यांप्रमाणे वाटू नका. एक सफाई करतो, दुसरा मोजतो, तिसरी लिहिते, असं झालं की कोणालाच पूर्ण ट्रान्झिस्टर कळत नाही. वेफरप्रमाणे वाटा. प्रत्येकाकडे एक वेफर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचाच. केंद्रात भट्टी आणि बाष्पीभवनाची उपकरणं तिथले तंत्रज्ञ चालवतील, तेव्हाही वेफरचा मालक शेजारी उभा राहून नोंद करेल. पीएचडीच्या विद्यार्थिनीकडे मॉनिटर वेफर आणि सगळ्यांच्या रनशीटची (टप्प्याटप्प्याच्या नोंदपत्राची) पडताळणी द्या.

रनशीटवर दर टप्प्याला: तारीख आणि वेळ, द्रावणाचं प्रमाण आणि ते कधी बनवलं, भट्टीचं ठरवलेलं आणि दिसलेलं तापमान, वायूंचा प्रवाह, बाष्पीभवनाआधीचा दाब, अपेक्षित आकडा, आलेला आकडा, आणि काही पडलं-सांडलं-थांबलं असेल तर तेही. आलेखांच्या फाइलच्या नावात वेफर, तुकडा, ठिपक्याची रांग आणि वारंवारता असू दे. ‘फायनल’ नावाची फाइल कोणाच्याच कामाची नसते. रनशीटची प्रत केंद्रातल्या यजमान प्राध्यापकांकडे त्याच दिवशी जाऊ द्या, कारण तीन महिन्यांनी फ्लॅटबँड का सरकला हे विचारायला त्यांनाच फोन करणार आहात. शोधनिबंधावर कोणाची नावं आणि कोणत्या क्रमाने, हेही पहिल्या वेफरच्या आधी लिहून घ्या.

आणताना: प्रत्येक वेफर स्वतंत्र गोल डबीत, ऑक्साइडची बाजू खाली म्हणजे डबीच्या वाटीकडे, जेणेकरून फक्त कड टेकेल. डबीबाहेर झिपची पिशवी, तिच्यात सिलिका जेल, आणि तिच्याबाहेर दुसरी पिशवी. बाहेरची पिशवी विभागात उघडा, आतली स्प्रेच्या दिवशीच. कापायचे असतील तर केंद्रातच रेझिस्टचं आवरण देऊन कापून घ्या. महाविद्यालयात हिऱ्याच्या टोकाने कापल्यावर उडणारा चुरा अॅसिटोनने पूर्ण जात नाही. स्प्रेआधी अॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, डीआयोनाइज्ड पाणी, प्रत्येकी ५ मिनिटं, मग नायट्रोजनने सुकवून ११० अंशांच्या हॉटप्लेटवर १० मिनिटं. एक तुकडा मात्र काहीही न फवारता तसाच ठेवा, त्यावर फक्त अॅल्युमिनियमचे ठिपके टाका आणि गळती मोजा. ट्रान्झिस्टर बिघडला तर ऑक्साइड प्रवासात खराब झाला का, हे त्या तुकड्यावरून कळेल.